जादा जागा न मागणाऱ्या आपा

आपा रागावल्या की शुद्ध मराठी बोलायच्या.

एरवी त्यांची बोली आमच्यासारखीच. उसाची नोंद द्यायला आलेल्या शेतकऱ्याशी अहिराणी, घरून फोन आला की हिंदी, आणि चहावाल्याशी दोन्हींची खिचडी. पण त्यांच्या तोंडून ‘कृपया’, ‘आपण’, ‘सदर बाब’ असले शब्द बाहेर पडू लागले की साखर कारखान्याच्या आमच्या शेतकी विभागात माणसं माना खाली घालून रजिस्टरं उघडायची. समोरच्याचं आता काही खरं नाही, हे सगळ्यांना कळायचं. समोरच्याला मात्र वाटायचं, बाई किती अदबीने बोलतात.

जुबेदा पिंजारी हे त्यांचं नाव. पगारपत्रकात पद ‘टंकलेखक’. मी विभागात कारकून म्हणून लागलो तेव्हा त्या तिथे जुन्या झाल्या होत्या. टाइपरायटर कधीच भंगारात गेले होते, टेबलावर कॉम्प्युटर आले होते, पण आपांचं पद काही हललं नाही. नोंदींचे सगळे प्रोग्राम त्या सांभाळायच्या, बिघडले तर दुरुस्त करायच्या, आणि महिन्याच्या शेवटी टंकलेखक म्हणून सही करायच्या. एकदा मी म्हटलं, “आपा, अर्ज करा ना, पद बदलून मागा.” त्या म्हणाल्या, “तीनदा कया. तिन्ही अर्ज मीच टाइप कयात, म्हणून त्यास्ले वाटनं बाईले टाइपिंग चांगलं येस.”

सकाळी आल्या की आधी हातातल्या काचेच्या बांगड्या काढून मशीनच्या डब्यावर ठेवायच्या. तो किणकिणाट झाला की समजायचं, आता तासभर आपांशी बोलायचं नाही. दुपारी रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या नोंदींच्या गठ्ठ्यांमधल्या रिकाम्या जागेत त्या नमाज पढायच्या. मग डबा. त्या डब्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं वाचून कोणाचा असा समज होईल की बाई चिक्कू होत्या. हिवाळ्यात त्या भरताचा चार कप्प्यांचा डबा आणायच्या, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वर तेलात परतलेल्या मिरच्या वेगळ्या. सगळा विभाग जेवायचा. कोणी अर्धी भाकरी मोडून घेतली तर त्यांना अपमान वाटायचा. बाजारात भाव करायला त्यांना आवडायचं नाही. हात सैल होता त्यांचा.

फक्त मशीनच्या आत त्यांना एक कणही वाया गेलेला खपायचा नाही.

बारावी आणि टायपिंग एवढंच त्यांचं शिक्षण. विभागात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी पाठदुखीपासून डोळ्यांपर्यंत सगळी कारणं सांगितली, म्हणून तो आपांच्या गळ्यात पडला. तो पूर्ण समजून घ्यायचा म्हणून त्या दर रविवारी शहाद्याहून नंदुरबारला एका क्लासला जायच्या. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, आणि मागच्या बाकावर या, चाळिशीच्या. तिथली एक गोष्ट त्या सांगायच्या. सरांनी यादी क्रमाने लावायचा एक प्रोग्राम फळ्यावर लिहिला. यादीचे दोन तुकडे करायचे, त्यांचे पुन्हा दोन, आणि प्रत्येक वेळी नवी यादी बनवून त्यात सगळं उतरवून घ्यायचं. आपांनी हात वर करून विचारलं, “सर, हे जागा किती खाईल?”

सर हसले. म्हणाले, “मॅडम, ते दिवस गेले. मेमरी आता स्वस्त झाली.”

“स्वस्त कोणाला?” आपांनी विचारलं.

वर्ग हसला. सरांनी विषय बदलला. आपा म्हणायच्या, त्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्यांनी त्या फळ्यावरच्या प्रोग्रामचा विचार केला आणि शहादा येईपर्यंत त्यांना एकही नवी यादी न बनवता तेच काम करायची एक रीत सापडली. पुढच्या रविवारी त्यांनी ती सरांना दाखवली. सरांनी ती फळ्यावर लिहून घेतली, एवढं खरं.

मला हे काही कळायचं नाही. मेमरी म्हणजे काय, एवढं एकदा मी त्यांना विचारलं. त्यांनी मला कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या एसटीकडे बोट दाखवून सांगितलं, “खिडकीतून रुमाल टाकीसन जागा धरतस ना, तसं शे. प्रोग्राम चालू व्हयना की पहिले रुमाल टाकस. ज्याले बसनं शे त्यानी टाकवा, मन्हं काही म्हणणं नही. पण काही लोके चार रुमाल टाकतस अन् बसतस एकटा. मंग बस भरेल दिखस, अन् आत देखो तं रुमालच रुमाल.”

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगायची ती सांगतो.

ऊस पिकवणाऱ्याला तोडणीची यादी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगतो. कारखाना सुरू झाला की सगळ्यांचा ऊस एका दिवशी तुटत नाही. ज्याची लागण, म्हणजे लागवड, आधी, त्याची तोड आधी. लागणीची तारीख एकच असेल, तर ज्याने नोंद आधी दिली तो आधी. असा क्रम लावून यादी निघते आणि त्या क्रमाने तोडणीच्या टोळ्या शेतात जातात. मागे राहिलेल्याचा ऊस उभ्या उभ्या वाळतो, त्याला तुरा येतो, वजन जातं, आणि त्याच वावरात पुढे गहू पेरायचा त्याचा बेत बुडतो. म्हणून आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेपेक्षा ही यादी जास्त बारकाईने वाचली जाते.

आपांनी यादी मशीनवर घेतल्यापासून त्या यादीत बोट घालणं अवघड झालं होतं; तरी लावण्याआधी ती संचालकांच्या खोलीतून फिरून यायची आणि चार-दोन नावं वर सरकायची. मशीनच्या आधी तर ती पूर्णच त्या खोलीत, दार लावून, हाताने बनायची.

त्या वर्षी वरून हुकूम आला की प्रत्येक नोंदीला शेतकऱ्याचा फोटो आणि सातबाऱ्याची प्रत जोडायची. शहरातल्या एका कंपनीचा नवा प्रोग्राम बसवला. पावसाळाभर आम्ही फोटो काढले, उतारे स्कॅन केले. गव्हाणीत पहिली मोळी पडायला, म्हणजे गाळप सुरू व्हायला, पंधरा दिवस राहिले तेव्हा यादी काढायला घेतली. मशीन घरघरलं, पंखा जोरात फिरला आणि पडद्यावर आलं, मेमरी संपली. बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. साध्या तक्त्यात फाईल उघडून बघितली, तर उघडता उघडताच मशीन गार पडलं.

कंपनीचा माणूस आला. तरुण, सभ्य, हातात चांगली बॅग. त्याने मशीन बघितलं आणि म्हणाला, “ही मशीन्स जुनी आहेत. सगळी बदलावी लागतील.” नव्या मशीनचा ठराव व्हायचा, खरेदी व्हायची, यात हंगाम अर्धा गेला असता. आमचे मुख्य शेतकी अधिकारी देवरे साहेब, भला माणूस, पण वादळ आलं की दार लावून बसणारा. ते म्हणाले, “मग यंदा काय करायचं?”

खोलीत नानासाहेब बसले होते. संचालकांमध्ये त्यांचा शब्द मोठा. ते शांतपणे म्हणाले, “काय करायचं म्हणजे? हाताने काढू यादी. आधी काढत नव्हतो का?”

मी कोपऱ्यात फायली घेऊन उभा होतो. आपा मशीनसमोर होत्या, पाठ आमच्याकडे. त्यांनी खुर्ची वळवली.

“साहेब, सदर मशीनमध्ये कोणताही दोष नाही,” त्या म्हणाल्या. “कृपया मला तीन दिवस द्यावेत.”

मी मान खाली घातली.

कंपनीचा माणूस हसून म्हणाला, “मॅडम, एवढा डेटा आहे. एवढ्या मेमरीत बसणारच नाही.”

“डेटा कितीही असू द्या. तारीख लावायला फोटो कशाला लागतो?”

 आपा उठल्या, टेबलावरची नोंदींची पाच-सहा कार्डं उचलली आणि देवरे साहेबांपुढे मांडली. “आपला प्रोग्राम काय करतो, बघा. हा शेतकरी वर न्यायचा आहे, तर त्याचा फोटो, त्याचा सातबारा, सगळं उचलून नव्या कागदावर उतरवतो. पुन्हा हलवायचा असेल तर पुन्हा नवा कागद. जुने कागद टेबलावर तसेच पडलेले. टेबल भरणारच. मी शेतकऱ्याला जागचं हलवत नाही. त्याचा नंबर तेवढा हलवते. फाईल एका बाजूने वाचत जाईन, प्रत्येकाची तारीख आणि नंबर ठेवून घेईन, बाकीचं सोडून देईन. क्रम लागला की नंबराप्रमाणे एकेकाचं नाव काढून छापीन. त्याच मशीनवर.”

देवरे साहेबांनी नानासाहेबांकडे बघितलं. नानासाहेब म्हणाले, “करू द्या तीन दिवस. होणार नाहीच.”

दुसऱ्या दिवसापासून बांगड्या डब्यावर आणि आपा मशीनसमोर. फळ्यासारखा एक पुठ्ठा भिंतीला टेकवून त्यावर त्या बाणच बाण काढायच्या. डबा त्या दिवसांतही आला, पण तो आम्हीच खाल्ला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. “पाटीलभाऊ, आठे ये. दाब ते बटण.”

मी दाबलं. मेमरीची रेघ दाखवणारी चौकट त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात उघडून ठेवली होती. मला वाटलं आता ती रेघ वर चढेल, मशीन घरघरेल. रेघ हलली नाही. मी चहाचा घोट घेतला तेवढ्यात यादी लागलेली होती. पंखासुद्धा जोरात फिरला नाही.

 आपांनी पदराने पडद्यावरची धूळ पुसली, एवढंच.

यादी देवरे साहेबांच्या सहीने कारखान्याच्या गावोगावच्या सगळ्या गट ऑफिसांत लागली. नानासाहेबांच्या खोलीत तेव्हा हाताची यादी अर्धी झाली होती, असं शिपायाने सांगितलं.

यादी लागल्यावर तिसऱ्या दिवशी सारंगखेड्याकडचे एक म्हातारे शेतकरी आले, कौतिक बाबा. टोपी हातात, आवाज शांत. “आपा, मन्ही नोंद पहिली शे. भास्करनी नोंद मन्हा मांगतून व्हयनी. आम्हनी लागण एकच दिननी. मंग यादीमा तो मन्हा पुढे कसा गया?”

आपांनी यादी बघितली, नोंदवही बघितली. दोन्ही पुन्हा बघितल्या. मग आणखी एकाच तारखेचे दहा-बारा शेतकरी तपासले. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. तारखेचा क्रम बरोबर होता. पण एकाच तारखेच्या शेतकऱ्यांचे नंबर आपसात इकडचे तिकडे झाले होते. अदलाबदली करता करता प्रोग्रामने त्यांना कसेही टाकले होते.

“बाबा, तुन्हं खरं शे,” त्या म्हणाल्या. “चूक मन्ही शे. दोन दिनमा दुरुस्त करी देसू.”

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, “आपा, आत्ताच कशाला कबूल करता? गुपचूप दुरुस्त करा, नवी यादी लावा. नानासाहेबांच्या हातात कोलीत कशाला द्यायचं?”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि खुर्ची मशीनसमोर ओढली. मग त्यांनी एक सूचना टाइप केली. तोडणी यादीत एकाच तारखेच्या शेतकऱ्यांचा क्रम चुकला आहे, चूक माझी आहे, यादी दोन दिवसांत बदलून लागेल. खाली स्वतःचं पूर्ण नाव, आणि पद टंकलेखक. ती सूचना सगळ्या गट ऑफिसांत यादीशेजारी लागली.

नानासाहेबांना दुसरं काय हवं होतं. ते विभागात आले, सगळ्यांच्या देखत म्हणाले, “बघा. मशीनपण भानगडी करतं. आमच्या हातून झालं असतं तर मोर्चा आला असता.” देवरे साहेबांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, आधीचा क्रम राखायचा तर जादा जागा घ्यावीच लागते, म्हणजे पुन्हा मेमरीचा प्रश्न, म्हणजे पुन्हा नवी मशीन्स. फोन स्पीकरवर होता. आपा ऐकत होत्या.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पुठ्ठ्यासमोर खुर्ची घेऊन बसून राहिल्या. नमाजला गेल्या, आल्या, पुन्हा बसल्या. चारच्या सुमाराला त्या एकदम हसायला लागल्या. विभागात त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं. मी जवळ गेलो.

“पाटीलभाऊ, मी काय हलवस?”

“नंबर.”

“तो नंबर कशाना शे?”

“नोंदीचा.”

“मंग?” त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मला उशिरा उजेड पडला. प्रत्येकाचा नोंदीचा नंबर तर मशीनच्या हातातच होता. पहिली नोंद एक नंबर, दुसरी दोन. दोघांची तारीख सारखी निघाली तर त्यांचे नंबरच एकमेकांशी ताडून बघायचे, लहान नंबर पुढे. आधीचा क्रम लक्षात ठेवायला वेगळी जागा लागतच नव्हती.

“दिनभर मी जागा धुंडी ऱ्हायनू,” आपा म्हणाल्या, “अन् ती मन्हा हातमाच व्हती.”

प्रोग्राममध्ये एक ओळ वाढली. यादी पुन्हा निघाली. आपांनी ती लगेच लावली नाही. एकाच तारखेचे सगळे शेतकरी त्यांनी आणि मी नोंदवहीशी एकेक करून ताडून बघितले. दोन दिवस संपायच्या आत नवी यादी सगळ्या ठिकाणी लागली आणि लोकांनी मोबाइलवर तिचे फोटो काढून घेतले. आता ती कोणाला खोलीत नेऊन बदलता येणार नव्हती.

माझ्या घरी मात्र वेगळंच झालं. आमचा ऊस दर वर्षी पहिल्या पंधरवड्यात तुटायचा. का तुटायचा, हे मी कधी विचारलं नव्हतं. नव्या यादीत आमचं नाव बरंच खाली गेलं. मोठा भाऊ ताटावरून उठला. “तुन्ही त्या आपानी आपला ऊस खाले टाकी दिधा. तू तठे बशीसन काय करस?” मी म्हटलं, आपली लागणच उशिराची आहे. तो म्हणाला, ते मला माहीत आहे. त्या हंगामात तो माझ्याशी फारसं बोलला नाही.

मोळी पडल्यावर आठवड्याभराने नानासाहेबांनी आपांना बोलावणं पाठवलं. कागदपत्रं घेऊन मलाही जावं लागलं. आपांना बसा म्हणाले नाहीत.

“बाई, तुमचं पद काय?”

“टंकलेखक.”

“मग टाइप करायचं सोडून हे धंदे कोणी सांगितले?”

“मी टाइपच केलं आहे, साहेब,” आपा म्हणाल्या. “त्या प्रोग्राममधलं प्रत्येक अक्षर मीच टाइप केलेलं आहे. कृपया आपण तपासून घ्यावं.”

नानासाहेबांनी टेबलावरची फाईल मिटली. मग म्हणाले, “कंपनीचा प्रोग्राम असताना बाहेरचा प्रोग्राम चालवणं नियमात बसत नाही.”

“हाताची यादी नियमात बसते का, एवढं आपण मला लेखी द्यावं. मी आजच माझा प्रोग्राम काढून टाकते.”

लेखी काही मिळालं नाही. मिळाला तो बदलीचा कागद. शेतकी विभागातून भांडार विभागात. तिथे कॉम्प्युटर नव्हता. पोती, नटबोल्ट, पट्टे आणि एक जाड आवक-जावक वही. देवरे साहेबांनी कागदावर सही केली आणि दोन दिवस रजेवर गेले. मी काय केलं, तर आपांच्या टेबलावरचा तो पुठ्ठा माझ्या कपाटामागे नेऊन ठेवला. तोंडातून शब्द काढला नाही. हे लिहितानाही त्याची लाज वाटते.

आपांनी टेबल आवरलं, बांगड्या हातात चढवल्या आणि मला म्हणाल्या, “प्रोग्राम तुन्हा मशीनमा शे. रोज सकाळी बटण दाबानं. कोणी इचारं तं सांगजो, कंपनीना शे.”

तो हंगाम त्या यादीवर पार पडला. रोज सकाळी मी बटण दाबून त्या दिवसाची तोड काढत होतो. कौतिक बाबांचा ऊस भास्करच्या आधी तुटला.

पुढच्या वर्षी नवी मशीन्स आली. मोठी, गुळगुळीत, आपांच्या मशीनच्या कितीतरी पट मेमरीची. जुनं मशीन आपांच्या प्रोग्रामसकट भंगारात गेलं, कंपनीचा प्रोग्राम नव्यांवर चालला. मला वाईट वाटलं, खोटं का बोलू. पण त्याच वर्षी कारखान्याने पलीकडच्या तालुक्यातल्या नोंदी घेतल्या, सातबाऱ्याबरोबर आधारची प्रत जोडायला सांगितली, आणि मोळी पडायच्या आठ दिवस आधी पडद्यावर तीच ओळ आली. मेमरी संपली.

देवरे साहेब स्वतः भांडारात गेले. मी मागे होतो. आपा पट्ट्यांची गुंडाळी मोजत होत्या.

“जुबेदाताई, या,” साहेब म्हणाले.

आपांनी मोजणी पूर्ण केली, वहीत आकडा लिहिला, मग वर बघितलं. “माझ्या दोन अटी आहेत. आपण लेखी द्याव्यात.”

पहिली अट, पद बदलावं. दुसरी अट, यादी सगळ्या गट ऑफिसांत एकाच वेळी लागावी, आणि नंतर एकही नाव हललं तर कोणाचं हललं आणि का, हे यादीशेजारी लिहून लावावं.

संचालकांच्या बैठकीत यावर बरंच बोलणं झालं म्हणतात. गेल्या वर्षीचे फोटो लोकांच्या मोबाइलमध्ये होते आणि यंदा हाताची यादी लावायची हिंमत कोणाला होत नव्हती. पहिली अट नामंजूर झाली, कारण तसं पदच मंजूर नव्हतं. दुसरी मान्य झाली. देवरे साहेबांनी ते ओशाळून सांगितलं. मला वाटलं आपा येणार नाहीत. त्या म्हणाल्या, “एक दिली ना? चला.” आणि नवं मशीन चालू करून त्यांनी सगळ्यात आधी मेमरी किती आहे ते बघितलं, आणि नाक मुरडलं.

टंकलेखक म्हणूनच त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात नानासाहेबांनी त्यांच्या सुवाच्य टायपिंगचं कौतुक केलं. उत्तरादाखल आपा दोन मिनिटं बोलल्या, अत्यंत शुद्ध मराठीत.

तोडणीची यादी आमच्याकडे अजून त्या अटीप्रमाणेच लागते. नाव हललं की शेजारी कारण लागतं. कारण लिहावं लागतं म्हणून नावं फारशी हलत नाहीत.

निवृत्तीनंतर त्या मला एकदाच भेटल्या. आईच्या डोळ्यांसाठी मी तिला चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या ओसरीवर बाकांची रांग होती, डोंगराकडची माणसं, नवापूरकडची माणसं, आणि त्यांच्यात आपा. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत पिकला होता. मी अगदी समोर उभा राहिलो तरी आवाजावरून त्यांनी ओळखलं. वाळल्या होत्या. लेकीने नाव घातलं आणि ती औषधं आणायला गेली होती. आईचं काम झालेलं होतं, बसला वेळ होता, म्हणून मी शेजारी टेकलो. देवरे साहेब कसे आहेत, मशीन बदललं का, असं त्या विचारत राहिल्या.

बाकावर पलीकडे बसलेला एक शेतकरी आमचं बोलणं ऐकत होता. तो उठून पुढे आला.

“तुम्ही त्या यादीवाल्या आपा का? आपा, मन्हा नंबर आतेच शे. तुम्ही जा, मी मांगे बसस.”

आपांनी चेहरा त्याच्या आवाजाकडे वळवला.

“तुन्हा नंबर कितला?”

“सात.”

“मन्हा एकोणीस शे. मधमा अकरा जण बसेल शेतस. त्यास्ले इचारं का?”

शेतकरी गोंधळला. म्हणाला, त्यांना काय विचारायचं, माझा नंबर मी देतोय. दोघांनी जागा बदलल्या तर मधल्यांचं काही बिघडत नाही, हा त्याचा हिशेब बरोबरच होता. मीही म्हटलं, “आपा, जा ना. इतक्या मनाने देतोय.”

“त्यानं मन मोठं शे,” त्या म्हणाल्या. “पण त्याना डोळा बी दुखी ऱ्हायना. जा भाऊ, तुन्हा पुकारा व्हयी. मन्हा येई तव्हय मी उठसू.”

आतून सात नंबर पुकारला. तो दोन पावलं गेला, थांबला, मागे बघून पुन्हा पुढे गेला. मला बसची वेळ झाली होती. आईला धरून मी फाटकापर्यंत आलो आणि वळून बघितलं. ओसरीवर ऊन सरकत आलं होतं आणि बाकावरची माणसं सावलीकडे सरकत होती. आपा आपल्या जागेवर ताठ बसल्या होत्या, मान किंचित कलती करून, आत कुठला नंबर पुकारतात ते ऐकत.